खोडलेलं जस्त

९ जानेवारी

चि. बारक्यास,

अक्षर ओळखूनही पाकीट फोडलंस, हे बरं केलंस. आधी एवढं वाच, की बाबा आहेत. मग बाकीचं.

फोन तू उचलत नाहीस. तीन वर्षांत मी सात वेळा केला. आठव्यांदा तुझ्या बायकोने उचलला आणि "ते कामावर गेलेत" म्हणाली, रविवारी दुपारी. तिला बोल लावत नाही, बिचारीला तूच शिकवलं असशील. म्हणून पत्र लिहितेय. पत्राला कामावर गेलोय असं सांगता येत नाही.

काम एवढंच आहे. बाबा मागच्या आठवड्यात न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, कोपर सोललं. नेहमीचे डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत आता एक तरुण डॉक्टरीणबाई बसते. दिसायला शाळकरी पोर, पण प्रश्न विचारते वकिलासारखे. तिने बाबांना पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. बाबांनी डोळे मिटले आणि थेट तिच्या अंगावर आले. तिने सावरलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, "आधी काय सुरू झालं, विसरणं की चालणं बिघडणं?"

मी म्हणाले विसरणं. ती म्हणाली, नक्की? आणि मला नक्की माहीत नाही. बाबा माझ्या घरी राहायचे, पण सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तुझ्या कारखान्यात असायचे. त्यांचे पाय मी अंथरुणात पसरलेलेच पाहायची. तेव्हा त्यांच्या पायांना काही व्हायला लागलं होतं का आणि कधीपासून, तेवढं कळव. जमलं तर महिना सांग. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

मागचं मला उकरायचं नाही. तुझ्या नळांच्या पितळेत शिसं असतं, ते बाबांच्या रक्तात सापडलं, असं मी म्हणाले होते, आणि ते आकड्यावरून म्हणाले होते. तुझ्या चार कारागिरांच्या देखत म्हणायला नको होतं, एवढं कबूल करते. पण आकडा काही माझ्या मनचा नव्हता.

बाबा कसे आहेत हे तू विचारणार नाहीस, तरी सांगते. परवा तुझा फोटो दाखवला तर म्हणाले, "चांगला दिसतो मुलगा. कोणाचा?" पण रोज सकाळी चहा पिताना विचारतात, "बारक्या भट्टी पेटवायला गेला का?" मी म्हणते, हो, गेला. मग ते निवांत चहा पितात. फोटोतला तू त्यांना परका आहेस आणि न दिसणारा तू घरचा आहेस. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

ताई


२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

कार्ड मिळालं. तीन वर्षांनी तीन वाक्यं म्हणजे वर्षाला एक पडलं. तुझीच वाक्यं तुला परत लिहून पाठवते, कारण मी ती इतक्या वेळा वाचलीत की पाठ झालीत. "पाय आधी. वितळलेल्या पितळेची मूस हातातून सुटली त्याच्या दोन महिने आधीपासून तळवे बधिर झालेत म्हणायचे. तेव्हा तुला सांगितलं होतं."

सांगितलं होतंस. मला आठवतं. मी म्हणाले होते, दिवसभर सिमेंटच्या जमिनीवर उभं केल्यावर दुसरं काय होणार.

कार्ड मी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, पाय आधी गेले आणि डोकं मागून, तर हे म्हातारपणाचं नेहमीचं विसरणं नसेलही. निदान सगळंच्या सगळं नसेल. मग रक्त घेतलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, पांढऱ्या पेशीही कमी. या वयात असतंच, असं म्हणून आधीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी तसूभर फरक पडला नव्हता.

मी अर्थातच त्यांना शिशाचं सांगितलं. जन्मभर पितळ ओतलेला माणूस, निवृत्तीनंतरही मुलाच्या भट्टीपाशी दीड वर्ष. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "शिसंही तपासलं. या वयाच्या ओतकाम करणाऱ्या माणसात असतं तेवढंच आहे. आणि शिशाने मनगट लुळं पडतं. पायाखालची जमीन कळेनाशी होत नाही. मी वेगळं काहीतरी शोधतेय."

मग मी भांड्यांचं सांगितलं. तुला माहीत नाही, तू गेल्यावर मी घरातली ॲल्युमिनियमची झाडून सगळी भांडी भंगारात दिली. कुठेतरी वाचलं होतं की त्याने स्मरणशक्ती जाते. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्या म्हणाल्या, "दिलीत तर दिलीत. नुकसान नाही. पण ते अजून कोणी सिद्ध केलेलं नाही." मग त्यांनी मला, म्हणजे मला, बावीस वर्षं प्रयोगशाळेत पाण्यातले आणि रंगातले धातू मोजणाऱ्या बाईला, मेंदूतले धातू समजावून सांगितले. लोह, तांबं, जस्त, मँगनीज. सगळी चिमटीत मावतील एवढीच, पण त्यांच्यावाचून मेंदूचं पान हलत नाही. कमी पडली तरी वांधे, जास्त झाली तरी वांधे. आणि एक वाढलं की दुसऱ्याला ढकलतं. मी मान डोलावत राहिले. शाळकरी पोर म्हणाले होते ना, ते परत घेते.

आता तांबं तपासायला पाठवलंय. आणि सांगितलंय की बाबांच्या पोटात जाणारं प्रत्येक औषध, मलम, चूर्ण पिशवीत घालून घेऊन या. नेलं. रक्तदाबाचं, लोहाचं, झोपेचं, दातांच्या कवळीची पेस्टसुद्धा. एक डबी मी घरी ठेवली. ती काही औषधाची नव्हे, ताकदीची आहे.

थंडी असेल तुझ्याकडे. कानटोपी घालत जा. हे ताई म्हणून लिहिलंय, त्याला उत्तर नको.

ताई


१७ फेब्रुवारी

बारक्या,

तांबं जवळजवळ नाहीच. निरोगी माणसात जेवढं असावं त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्यासमोर ठेवला, आणि आकडे वाचायला मला कोणाची मदत लागत नाही.

त्यांनी विचारलं, पोटाचं ऑपरेशन झालंय का? नाही. जेवण सोडलंय का? नाही, भरपूर जेवतात. मग विचारलं, "जस्ताच्या गोळ्या देता का?"

मी नाही म्हणाले.

बारक्या, तोंडातून "नाही" आपोआप गेलं. बाहेर रिक्षासाठी उभी राहिले तेव्हा बाबांनी माझा दंड धरला होता, कारण त्यांना जमीन कळत नाही, आणि मला त्यांच्या हाताचं वजन सहन होईना. घरी येऊन डबी काढली. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिले. डबी टेबलावर ठेवून म्हणाले, "काल खोटं बोलले." त्यांनी डबी फिरवून वाचली. "रोज किती?" तीन. "कधीपासून?" साडेचार वर्षं. सुरुवातीला एक होती.

आता तुला सगळं सांगते, कारण यात तुझा संबंध आहे. बाबा कारखान्यात जायला लागले त्याच वर्षी त्यांना मोठी सर्दी झाली होती, आठवतं? नंतर जेवणाला चव लागेना. गल्लीच्या टोकाच्या औषधवाल्याने जस्ताच्या गोळ्या दिल्या, म्हणाला महिनाभर द्या. महिन्यात चव आली. मी गोळ्या थांबवल्या नाहीत. कुठे नुकसान आहे, खनिजच तर आहे, असं मनात आलं. मग ते वस्तू विसरायला लागले, आणि मी वाचलं की जस्त मेंदूला चांगलं, म्हणून दोन केल्या. आणखी विसरायला लागले, तीन केल्या. ते जितके बिघडत गेले तितकं मी जस्त वाढवत गेले. औषधवाल्याचा दोष नाही. तो महिनाभर म्हणाला होता.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. जस्त फार झालं की आतड्याच्या अस्तरात एक पदार्थ तयार होतो. तो तांब्याला घट्ट धरून बसतो, रक्तात जाऊ देत नाही. काही दिवसांनी ते अस्तर झडतं आणि त्याच्याबरोबर तांबंही बाहेर पडतं. असं साडेचार वर्षं चाललं. तांब्यावाचून रक्त बनत नाही आणि मज्जातंतूंचं आवरण टिकत नाही. आधी पाय जातात. मग कधीकधी डोकंही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली. भांडी भंगारात घातली आणि डबी देव्हाऱ्यासारखी जपली.

कालपासून गोळ्या बंद. सोमवारपासून शिरेतून तांबं देणार आहेत.

ताई


१ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर आलेलं नाही. येणार नाही असं धरूनच लिहायला बसलेय. मागच्या पत्रात मी म्हणाले की सगळं सांगते, पण सगळं सांगितलं नाही. गोळ्यांचं सांगितलं. गोळ्यांची चूक कोणाकडूनही झाली असती. हे आता जे लिहितेय ते फक्त माझ्याकडूनच होऊ शकत होतं.

तीन वर्षांपूर्वी बाबांचं रक्त मी तपासलं. रक्त आमच्या प्रयोगशाळेच्या कामात बसत नाही. विहिरीचं पाणी, खेळण्यांचा रंग, डबाबंद अन्न, एवढंच आमचं. मी ते जेवणाच्या सुट्टीत, कोणाला न सांगता केलं. आमचं तेव्हाचं यंत्र जुनं होतं, त्यात प्रत्येक धातूला वेगळा दिवा लावावा लागायचा. त्या आठवड्यात तांब्याचा दिवा गेलेला होता. मला त्याचं काही वाटलं नाही, तांबं मला बघायचंच नव्हतं. शिशाचा दिवा लावला, मँगनीजचा लावला, आणि नेमाप्रमाणे जस्ताचा लावला.

नेम असा असतो. जस्त सगळीकडे असतं. नळीच्या रबरी बुचात, हातमोज्यांच्या पावडरीत, हवेतल्या धुळीत. म्हणून जस्त मोजायचं ते नळी स्वच्छ होती का हे कळायला. जस्त भरमसाट आलं तर समजायचं, नमुना बाहेरून मळला, अख्खी नळी फेकायची आणि नव्याने रक्त घ्यायचं. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हे मीच शिकवते.

बाबांच्या रक्तात जस्त भरमसाट आलं.

परवा मी ती वही जुन्या कपाटातून काढली. माझंच अक्षर आहे. जस्ताचा आकडा लिहिलाय, त्यावर लाल रेघ मारलीय आणि शेजारी लिहिलंय, "बूच. धरू नये." त्याच्याखाली शिशाचा आकडा. तो खोडलेला नाही. त्याला गोल केलाय.

कळतंय का तुला? नळी मळलेली असेल तर शिशाचा आकडाही खोटा. आणि नळी स्वच्छ असेल तर जस्ताचा आकडा खरा. दोन्हींपैकी काहीही असलं तरी तुझ्या कारखान्यात येऊन तो कागद वाचायचा मला अधिकार नव्हता. मी मला हवा तो आकडा ठेवला आणि नको तो खोडला. जस्त तेव्हाच धरलं असतं तर बाबांचे पाय वाचले असते. डोकंही बरंचसं वाचलं असतं. ते सगळं माझ्या वहीत होतं, लाल रेघेखाली.

मला शिसंच का हवं होतं, तेही सांगते. बाबा माझ्या घरी राहायचे आणि तुझ्या कारखान्यात जगायचे. माझ्याकडे जेवायचे, झोपायचे, रक्तदाब मोजून घ्यायचे. तुझ्याकडून परत यायचे तेव्हा शिट्टी वाजवत यायचे, बाह्या जळलेल्या, तोंड काळं, आणि जेवताना फक्त साचा, मूस, बारक्याने आज काय केलं. मी केलेलं जेवण कसं झालं हे त्यांनी कधी विचारल्याशिवाय सांगितलं नाही. मला हेवा वाटायचा. बेचाळीस वर्षांच्या बाईला धाकट्या भावाचा हेवा वाटायचा, हे लिहायला हात जड होतोय, पण लिहिलं.

प्रयोगशाळेतल्या साहेबांना वही दाखवली. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, लेखी द्या. दिलं. सहा महिने यंत्राला हात लावायचा नाही, बाटल्या धुवायच्या. चांगल्या धुते.

तुझ्या कारखान्यातल्या मिस्त्रींनाही शोधून काढलं. आता ते दुसऱ्या एका ओतशाळेत आहेत. त्यांच्यासमोर, त्यांच्या दोन माणसांच्या देखत, वहीचं पान वाचून दाखवलं आणि त्या दिवशी वाचलेला कागद खोटा होता असं सांगितलं. मिस्त्रींनी हात पुसत ऐकलं. म्हणाले, "बाई, आम्ही तेव्हा कागद कुठे वाचला होता? आम्हाला वाचता कुठे येतो तो? आम्ही तुमचं तोंड वाचलं. एवढी शिकलेली बाई एवढ्या खात्रीने बोलतेय म्हणजे खरंच असणार, म्हणून दोघं दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत, आणि भट्टी बंद पडली." मग म्हणाले, "बारकूशेठला सांगितलंत का?" मी म्हणाले, सांगतेय.

तर हे सांगणं. माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही, सवय नाही. चूक झाली असं लिहिणार नाही, चूक होत असते. हे मी केलं.

ताई


२० एप्रिल

बारक्या,

कार्ड मिळालं. "वाचलं. मला वेळ लागेल." घे. तुझा हक्क आहे. फक्त वेळ माझ्या हातातला नाही, म्हणून हे पत्र.

तांबं सुरू होऊन आठ आठवडे झाले. आधी शिरेतून, आता तोंडाने. रक्त सुधारलंय, चेहऱ्यावर रंग आलाय. पाय तेवढे नाहीत. काठी आणि भिंत धरून चालतात, अंधारात अजूनही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, मज्जातंतूंचं गेलेलं बहुतेक परत येत नाही, जाणं थांबलं हेच पुष्कळ. डोक्याचं मात्र थोडं आलंय.

कसं आलं ते सांगते. रोजच्यासारखं चहा पिताना विचारलं, "बारक्या भट्टी पेटवायला गेला का?" मी म्हणाले, हो, गेला. त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. तसं पाहिलेलं मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं. म्हणाले, "कुठली भट्टी? भट्टी तर बंद झाली."

इतके दिवस मी वाट पाहत होते की कधी एकदा त्यांचं डोकं ताळ्यावर येतंय, आणि आलं तेव्हा पहिली पकडली गेले मीच.

मग सगळं सांगितलं. गोळ्या, वही, कागद, तू का गेलास ते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "जस्त जास्त, तांबं कमी. असलं पितळ ठिसूळ होणारच की." ओतकाम करणाऱ्याला समजावून सांगावं लागलं नाही. डॉक्टरीणबाईंना अर्धा तास लागला होता. त्यानंतर दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट ठेवलं तर जेवले, पाणी दिलं तर प्यायले. मला बरं वाटलं, खोटं सांगत नाही. कोणीतरी रागावायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना विचारलं, "ताई, बारक्या हल्ली येत का नाही गं?"

विसरले होते. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पुन्हा ऐकलं, पुन्हा दिवसभर गप्प. चौथ्या दिवशी पुन्हा. असं पाचदा झालं, बारक्या. प्रत्येक वेळी त्यांना नव्याने कळायचं आणि प्रत्येक वेळी चेहरा तसाच व्हायचा. काहीतरी गोड कारण सांगून वेळ मारून नेता आली असती. पण सांगायचं ठरवलं होतं, सांगत राहिले. पाचव्यांदा त्यांनी कागद मागितला आणि स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून चष्म्याच्या घरात ठेवल्या. आता सकाळी चष्मा काढताना ते वाचतात, मग माझ्याकडे बघतात आणि चहा मागतात.

डॉक्टरीणबाईंना मी सरळ विचारलं, अजून किती सुधारतील? त्यांनी सरळ सांगितलं. तांब्याअभावी जे गेलं होतं त्यातलंच काही परत येतंय. त्याच्याखाली वयाचं साधं विसरणंही आहे, त्याला तांबं काय आणि सोनं काय. ते वाढत जाणार. म्हणाल्या, "हे आत्ताचे महिने चांगले आहेत. भावाला बोलवायचं असेल तर यातच बोलवा. पुढच्या वर्षी ते त्यांना ओळखतील असं मी लिहून देणार नाही."

परवा तुझा फोटो पुन्हा पुढे ठेवला. म्हणाले, "वाळलाय." म्हणजे ओळखलं.

तू येणार असशील तर मी त्या दिवसांत घरात नसेन, हवं तर. मैत्रिणीकडे जाऊन राहीन. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवते. औषधांचं वेळापत्रक भिंतीवर लावलंय, ठळक अक्षरात.

ताई


३ मे

प्रिय बारक्या,

हे मी लिहितोय, बाप. अक्षर वाकडं आहे, बोटं नीट ऐकत नाहीत. वाचताना वैतागू नको. तू पहिलीत असताना तुझं मी वाचलं आहे.

ताई बाजारात गेली आहे. तिला हे वाचायला देणार नाही. पाकीट मीच चिकटवीन आणि काकूंच्या हातून टाकीन. पत्ता तुझ्या कार्डावरून उतरवला.

काय लिहायचं होतं ते एका कागदावर आधी टिपून ठेवलं आहे, ते बघून लिहितो. एक, तुझी भट्टी चांगली होती. माझ्या उभ्या जन्मात मी पाहिलेल्या भट्ट्यांत धूर वर नेणारं धुराडं फक्त तुझ्याकडे नीट बांधलेलं होतं. मी तुझ्याकडे आजारी पडलो नाही. हे मी तेव्हाच सगळ्यांसमोर बोलायला पाहिजे होतं. त्या दिवशी मी तिथेच होतो, स्टुलावर बसलो होतो. पण मला शब्द सापडेना आणि सापडेपर्यंत ताई निघून गेली होती आणि तू हातमोजे काढून ठेवले होतेस. हे मला आठवतं. का कोण जाणे, कालचं जेवण आठवत नाही आणि हे आठवतं.

दोन, ताई म्हणते तू आलास तर ती मैत्रिणीकडे जाईल. तसं काही होणार नाही. तिला कोणी मैत्रीण नाही. आम्हा दोघांत तीच एकटी आहे.

तीन नंबरला काय लिहिलं आहे ते लागत नाही. सोडून देतो.

चार. ताईने काय केलं ते माझ्या चष्म्याच्या घरात लिहिलेलं आहे. रोज सकाळी वाचतो. वाचलं की फार राग येतो. मग ती चहा घेऊन येते. कप बशीत वाजतो. कारण तिला माहीत असतं मी आत्ताच वाचलं आहे. मग मी विचार करतो की हिला मी माफ केलं होतं की नाही. आठवत नाही. कागदावर तसं काही लिहिलेलं नाही. म्हणून त्या दिवसापुरतं करून टाकतो आणि चहा पितो. उद्या सकाळी पुन्हा करावं लागतं. तिला हे मी सांगितलेलं नाही. सांगितलं असेल तर तेही कागदावर नाही.

तुझी आठवण शाबूत आहे. तुला एकदाच करावं लागेल आणि ते कायमचं राहील. म्हणून तुला जास्त जड जातंय, ते मला कळतं. माझं रोजचं असतं, सोपं पडतं.

पण तिकडे लांब बसून ते होणार नाही, बारक्या. मी करून बघितलं आहे. ती कप घेऊन समोर येईपर्यंत मला पण जमत नाही. तेव्हा तू इथे ये. सकाळच्या चहाला ये. मी शेजारीच असतो.

बाबा